नदीकाठी छोटं घर बांधायचंय, खांबावरची वीज आणि नळाचं पाणी दोन्ही नसताना. सल्ला हवा

गुंजवणीकाठ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. थोडं सविस्तर लिहितो, म्हणजे सांगणाऱ्यांना सोपं जाईल.

आम्ही कोथरूडला राहतो. वडिलांचं मूळ गाव वेल्हे तालुक्यात, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात. चेलाडी फाट्यावरून आत वळून मार्गासनीच्या बाजूला निघालं की गुंजवणीच्या काठी आमच्या वाटणीची एक एकर चार गुंठे जमीन आहे. सातबारा वडिलांच्या नावावर, भाऊबंदांशी वाद नाही. नदीलगत मळ्याची पट्टी, मध्ये भाताची दोन खाचरं, वर माळ. माळावर जुन्या घराचं जोतं अजून आहे. घर मात्र चाळीस वर्षांपूर्वीच बसलं, वासे आणि कौलं कोणी कोणी नेली.

वडील ७४ वर्षांचे आहेत. गेल्या वर्षी त्यांची बायपास झाली. तेव्हापासून एकच म्हणतात, महिन्यातले पाच-सहा दिवस मला नदीपाशी राहू द्या. याच नदीच्या डोहात पाठीला पांगाऱ्याच्या हलक्या, तरंगणाऱ्या लाकडाचा बिंडा बांधून ते पोहायला शिकले.

माझ्या मनात आहे ते असं: १२ बाय १६ फुटांची एक खोली, समोर पडवी, मागे मोरी-संडास. जागा अगदी पाण्याजवळ, उंबराखाली, पाण्यापासून वीसेक फुटांवर. पश्चिमेला नदी आणि पलीकडे डोंगर, म्हणून त्या बाजूला जमिनीपासून छतापर्यंत काच. महावितरणचा खांब ६०० मीटर लांब आहे, तिथून लाईन आणायची नाही असं ठरवलंय. सगळं सौरऊर्जेवर. पाणी नदीचं उचलायचं आणि गाळून वापरायचं.

सोबत जागेचा फोटो आणि हाताने काढलेला नकाशा जोडलाय. कुठे चुकतंय ते मोकळेपणाने सांगा.

रानजाई

उंबर किती सुंदर आहे! बाबांना नमस्कार सांगा. वाचतेय, सवडीने लिहीन.

कौलारू

दादा, फोटो कोणत्या महिन्यातला?

गुंजवणीकाठ

एप्रिलचा.

कौलारू

मग आधी जुलैचा फोटो बघू. एप्रिलमध्ये नदी आपल्याला जेवढी दिसते ती नदी नसते, तिचा उरलेला भाग असतो. बाकीचं बोलायच्या आधी जागेचं ठरवा.

मुळशीचा

माझं आजोळ मुळशीच्या धरणात गेलेल्या गावांपैकी एक. १९२१ ला सेनापती बापटांनी सत्याग्रह केला ते हेच धरण. आजी सांगायची, आमची गावं नदीकाठची म्हणवायची, पण घर नदीकाठी एकाचंही नव्हतं. काठाला मळा, देऊळ आणि घाट. घरं वर.

तुम्ही एक करा. कोरड्या दिवसांत काठाने चालत जा आणि खाली न बघता वर बघा. उंबराच्या, करंजाच्या, वाळुंजाच्या फांद्यांत काय अडकलंय? पुरात वाहून आलेला पेंढा, प्लास्टिकच्या पिशव्या, खताची पोती फांद्यांच्या बेचक्यात बसतात आणि पाणी उतरलं तरी तिथेच राहतात. त्या उंचीला पाणी गेलं होतं याचा त्याहून चांगला पुरावा नाही. जमिनीवरच्या खुणा पुढच्या पावसात पुसल्या जातात, झाडावरच्या चार-पाच वर्षं टिकतात. जोडीला गावातल्या दोन-तीन म्हाताऱ्या माणसांना वेगवेगळं विचारा, एकत्र बसवून नको. तिघांनी एकच दगड दाखवला तर तो खरा.

पाणलोट

मी जलसंपदा खात्यात ३१ वर्षं काढली, म्हणून हे जबाबदारीने लिहितो.

नदीच्या दोन रेषा असतात. निळी रेषा, म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती. लाल रेषा, म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीपात्र ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा, तिथे घर बांधता येत नाही. निळी ते लाल हा नियंत्रित पट्टा, तिथे अटी असतात आणि जोतं लाल रेषेच्या पातळीच्या वर घ्यावं लागतं. पाण्यापासून वीस फुटांवरची तुमची जागा निळ्या रेषेच्या आत असणार, हे मी नकाशा न बघता सांगू शकतो. जलसंपदाच्या विभागीय कार्यालयात गट नंबर देऊन पूररेषेची चौकशी करा.

‘२५ वर्षांतून एकदा’ याचा अर्थ लोक चुकीचा घेतात. एकदा पूर आला की पुढची २४ वर्षं निवांत, असं नाही. प्रत्येक वर्षी २५ मध्ये एक ही शक्यता नव्याने उभी राहते. पुढच्या २५ वर्षांत असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता ६४ टक्के निघते. घर तेवढी वर्षं टिकावं म्हणूनच बांधतो ना आपण?

आणि तुमच्या नदीवर वरच्या अंगाला धरण आहे. धरण असलं की खालच्या लोकांना वाटतं आता पूर नाही. धरण भरेपर्यंत ते खरं असतं. भरल्यावर आलेलं पाणी सोडावंच लागतं, आणि ते रात्री दोनलाही सोडावं लागतं. २५ जुलै २०२४ च्या पहाटे पुण्यात सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत लोक झोपेतून उठले तेव्हा पाणी घरात होतं. ते शहर होतं, बोटी आल्या. तुमच्या उंबराखाली ७४ वर्षांचे वडील एकटे असतील. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा मी शाळेत होतो, शनिवार पेठेत. तेव्हापासून मला नदीचा आदर आहे. भीती म्हणा हवं तर.

उन्हंपाणी

काकांशी पूर्ण सहमत. सौरऊर्जेचं मी लिहितो, पण जागा पक्की झाल्यावर. उंबराखाली तर पॅनलला ऊनही मिळणार नाही.

धरणीधर

एक वेगळा पर्याय. पोर्टा केबिन किंवा जुना कंटेनर आणून लोखंडी खांबांवर आठ-दहा फूट उचलून ठेवा. पाणी खालून जाईल. काम आठ दिवसांत, आणि उद्या हलवताही येईल. भोरला ओळखीच्यांनी केलंय.

कौलारू

धरणीधरदादा, उचलणं हा पर्याय काही ठिकाणी चांगला आहे, इथे नको वाटतो. पुरात नुसतं पाणी येत नाही. ओंडके येतात, आख्खी झाडं येतात. खांबांत एक झाड आडवं अडकलं की त्यामागे गाळ-कचरा साठतो, बंधारा होतो आणि सगळा दाब खांबांवर येतो. खांबांच्या बुडाशी माती खरवडली जाते ते वेगळंच. मळ्याची पोयट्याची जमीन तर पहिली जाते. शिवाय घर उभं राहिलं तरी त्यातला माणूस बाहेर कसा येणार?

आणि पत्र्याचा डबा मे महिन्यात राहून बघा. आतून थर्माकोल लावला तरी संध्याकाळी सहाला भिंतीला हात लावता येत नाही.

गुंजवणीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी वडिलांना घेऊन गेलो होतो.

मुळशीचा यांनी सांगितलं तसं वर बघितलं. उंबराच्या पहिल्या मोठ्या बेचक्यात, माझ्या डोक्याच्याही दीड-दोन हात वर, युरियाचं निळसर पोतं अडकलेलं आहे. तिथे पन्नास वेळा बसलोय. एकदाही दिसलं नव्हतं.

मग चुलतकाकांकडे गेलो, शेजारच्या आळीतल्या एका आजींना विचारलं. दोघांनी वेगवेगळं सांगितलं आणि दोघांनी खाचराचा वरचा बांध दाखवला. तिथवर पाणी येतं. बांधाच्या वर आलेलं कोणी बघितलेलं नाही, ऐकलेलंही नाही.

वडील तोवर जुन्या जोत्यावर जाऊन बसले होते. मी त्यांना सांगितलं की उंबराखाली जमणार नाही. मला वाटलं त्यांना वाईट वाटेल. ते म्हणाले, “अरे, आजोबांचं जोतं उगाच इथे नव्हतं. मी तुला नदीपाशी म्हटलं, नदीत नाही म्हटलं.”

जोतं बांधापासून वर ४० पावलांवर आहे आणि बांधापेक्षा साधारण दोन पुरुष उंच. दगड घडीव आहेत, दोन कोपरे सोडले तर जागचे हललेले नाहीत. आकार १८ बाय २४ फूट. आता घर तिथेच. पूररेषेची चौकशीही लेखी करतोय.

मुळशीचा

हे वाचून बरं वाटलं. बाबा शहाणे आहेत.

पाणलोट

उत्तम. जोत्याच्या वरच्या बाजूने डोंगराचं पाणी कुठून येतं तेही या पावसात बघून ठेवा. नदीपासून सुटलेलं घर ओहोळात सापडायला नको. वरच्या अंगाला एक चर खणून पाणी दोन्ही बाजूंना वळवा.

कौलारू

आता मजा येईल. मी पेशाने बांधकामातलाच आहे, गेली वीस वर्षं मावळ-मुळशी-भोर पट्ट्यात जुनी घरं दुरुस्त करतो. जरा लांब होईल, चालवून घ्या.

पाया: जुनं जोतं चाळीस वर्षं ओझ्याशिवाय उभं आहे, त्यामुळे ते वापरा पण आंधळेपणाने नको. दोन बाजूंना चार-चार फूट खणून खाली मुरूम आहे का बघा. मुरूम लागला तर निम्मी चिंता मिटली. हललेले कोपरे उकलून तेच दगड चुन्यात किंवा सिमेंट-वाळूत परत बसवा. जोत्याच्या माथ्यावर सगळीकडून सळई घातलेल्या काँक्रीटचा एक पट्टा ओता. आपला भाग भूकंपाच्या तिसऱ्या क्षेत्रात येतो, हा पट्टा आणि भिंतीच्या वरच्या टोकाचा पट्टा हे दोन सोडू नका. बाकी घर कितीही साधं असू दे.

तोंड: तुमची पश्चिमेची काच. इथे मी हट्टाने नाही म्हणेन. आपल्याकडे पाऊस नैऋत्येकडून येतो आणि आडवा येतो. या भागातल्या जुन्या घरांची पश्चिमेची भिंत बघा, एक तर बिनखिडकीची असते नाही तर तिच्यापुढे पडवी असते आणि पावसाळ्याआधी त्या पडवीला गवता-पेंढ्याची झड बांधतात. उन्हाळ्यात दुपारी दोननंतर हीच भिंत तापते. तिथे छतापर्यंत काच लावली तर जुलैत पाणी आत, एप्रिलमध्ये भट्टी. नदी बघायची आहे ना? मग पश्चिमेला ८ फूट रुंद पडवी घ्या, छपराची वळचण खाली साडेसहा फुटांपर्यंत उतरवा. खोलीला दोन मध्यम खिडक्या आणि एक दुहेरी दार. वडील दिवसभर पडवीतच बसणार आहेत, खोलीत नाही. खरी खोली पडवी आहे असं समजून नकाशा काढा.

भिंती: तीन पर्याय. जागेवरच्या मातीचे दाबलेले ठोकळे, त्यात थोडं सिमेंट. माती तपासून घ्यावी लागते, काळी माती चालत नाही. दुसरा, विटांची रॅट-ट्रॅप पद्धत, लॉरी बेकर यांनी केरळात रुजवलेली. विटा उभ्या लावून मध्ये पोकळी राहते, विटा सुमारे पाव हिश्शाने वाचतात आणि पोकळीमुळे भिंत कमी तापते. तिसरा, कारवीचा कुड, वर शेणमातीचा लेप. कुड फार सुंदर, पण घर महिन्यातले २४ दिवस बंद राहणार. कुडाला राहतं घर लागतं, चुलीचा धूर लागतो, दर सणाला सारवणारे हात लागतात. बंद घरात वाळवी त्याचा फडशा पाडते. म्हणून बाहेरच्या भिंती विटांच्या, आणि पडवीचा एखादा आडोसा हौसेने कुडाचा करा.

छप्पर: मंगलोरी कौलं. पण एक अडचण आधीच सांगतो, वानरं. तुमच्या गावात टोळी असेल तर कौलं फुटणारच. आत पत्रा किंवा फळ्या आणि वर कौलं असं दुहेरी करा. कौल फुटलं तरी घर गळत नाही, आणि मधल्या हवेमुळे उष्णता खाली उतरत नाही. पावसाचा आवाजही सुसह्य होतो. उतार ३० अंशांच्या आसपास ठेवा, कमी केला तर वाऱ्याबरोबर पाणी उलटं चढतं.

रेवा_

मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून माझ्या बाजूचं थोडं. बायपास झालेल्या ७४ वर्षांच्या माणसासाठी घर आहे हे नकाशात दिसायला हवं. पायरी ६ इंचांपेक्षा उंच नको, दोन्ही हातांना कठडा हवा. संडास घराला लागूनच आणि आतून दार, रात्री अंगणात जावं लागू नये. मोरीची फरशी खरखरीत. पलंगावरून उठल्यावर हात पोचेल तिथे दिव्याचं बटण. पोटमाळा काढू नका, काढला तर ते चढणारच! आणि गावातली कोणाची गाडी रात्रीसुद्धा मिळेल हे आधी बोलून ठेवा. मोबाईलची रेंज कुठे मिळते ती जागा घरातल्या सगळ्यांना माहीत हवी.

उन्हंपाणी

आता माझी पाळी. आधी आकडे मांडू.

७ वॅटचे पाच एलईडी दिवे, रोज ५ तास: १७५ वॅट-तास. ३० वॅटचे बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे दोन, १० तास: ६००. पाणी टाकीत चढवायला अर्ध्या अश्वशक्तीचा पंप अर्धा तास: सुमारे १८५. मोबाईल, रेडिओ: ५०. एकूण रोज १०१० वॅट-तास, म्हणजे एक युनिट.

५४० वॅटचं एक पॅनल उन्हाळ्या-हिवाळ्यात दिवसाला साडेचार तासांचं भरघोस ऊन धरून आणि गळती वजा करून १७०० वॅट-तास देईल. पुरून उरतं. पावसाळ्यात ऊन दीड तासाचं धरा, तेव्हा ५५० ते ६०० मिळतील. कमी वाटतं, पण त्या दिवसांत पंखा कोण लावतं? पंखे काढले की गरज ४१० वर येते. म्हणजे एक पॅनल बारा महिने पुरतं. लोक जुलैतल्या ढगांना घाबरून चार पॅनल लावतात आणि दहा महिने तीन पॅनल नुसती तापत बसतात.

बॅटरी २४ व्होल्ट १०० अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या. साधारण अडीच युनिटं साठतात, दोन दिवस ऊन नसलं तरी निभावतं. लेड-ॲसिड स्वस्त, पण निम्म्याखाली उतरवली की आयुष्य घटतं, आणि बंद घरात तिचं पाणी कोण बघणार?

इथे माझा स्वतःचा अनुभव. पहिल्यांदा मी विक्रेत्याच्या सांगण्यावरून मोठं पॅनल, १२ व्होल्टची बॅटरी आणि बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा साधा, पीडब्ल्यूएम प्रकारचा कंट्रोलर घेतला. मोठ्या पॅनलचा दाब ४० व्होल्टच्या वर असतो, साधा कंट्रोलर तो बॅटरीच्या पातळीला खेचून आणतो आणि निम्म्याहून जास्त वीज वाया जाते. वर्षभर मी पॅनल पुसत राहिलो, दोष पॅनलमध्ये नव्हताच. एमपीपीटी कंट्रोलरच घ्या, तो पॅनलचा जास्तीचा दाब वाया न घालवता वापरून घेतो. आणि त्यावर लिहिलेली कमाल व्होल्टची मर्यादा पॅनलच्या बिनभाराच्या व्होल्टेजपेक्षा (पॅनलमागे ‘Voc’ लिहिलेलं असतं त्यापेक्षा) जास्त आहे ना ते वाचून घ्या.

पॅनल दक्षिणेला तोंड करून १८ ते २० अंशांच्या कलाने. कौलांवर नको, वानरं आहेत. अंगणात लोखंडी चौकटीवर, डोक्याच्या उंचीवर, पुसता येईल असं. अर्थिंग चोख आणि वीजरोधक लावा. एप्रिल-मेच्या वळवाच्या विजा माळावर फार पडतात. केबल लोखंडी किंवा जाड पाईपमधून न्या, बंद घरात उंदीर पहिलं वायरच कुरतडतात.

गीझर, इस्त्री, मिक्सर यांपैकी फक्त मिक्सर चालेल, तेवढ्यासाठी १ केव्हीएचा प्युअर साइन वेव्ह (घरच्या विजेसारखी वीज देणारा) इन्व्हर्टर. गरम पाण्याला तांब्याचा बंब! काटक्या-कुटक्या गावात फुकट, पाणी कढत, आणि बाबांना ती जुनी सवय असेलच.

धरणीधर

गोबरगॅस किंवा ओल्या कचऱ्याचा गॅस जमेल का? पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने घरगुती संयंत्र केलं होतं.

उन्हंपाणी

संयंत्र चांगलंच आहे, २००६ ला त्याला ॲश्डेन पुरस्कारही मिळाला. पण त्यातले जिवाणू रोज खायला मागतात. महिन्यातले सहा दिवस खाऊ घालून बाकीचे २४ उपाशी ठेवले तर गॅस धरत नाही. कायम राहणार असाल तर जरूर. तोवर पाच किलोचा छोटा सिलिंडर आणि चूल.

रानजाई

आता मी सवडीने लिहिते. संडासाबद्दल. तुम्ही कोणी त्यावर चार ओळी लिहिल्या नाहीत आणि मला त्याचीच काळजी लागलीये.

मी इंद्रायणीकाठची. आळंदीच्या घाटावर पांढरा फेस तरंगताना बघितला की पोटात कालवतं. पुण्यातली मुळा-मुठा आपण सगळे नाकाला रुमाल लावून ओलांडतो. गुंजवणी अजून त्या मानाने स्वच्छ वाहते. ती पुढे नीरेला मिळते, तिच्या काठाला गावं आहेत, त्यांच्या पाणीयोजनांच्या विहिरी आहेत. नदीकाठी एक घर झालं की दहा होतात. प्रत्येकाने ‘माझं एकट्याचं किती’ म्हणून पाईप खाली सोडला की नदी गेली.

दोन खड्ड्यांचा संडास करा. दोन गोल खड्डे, जाळीदार विटांचं बांधकाम, मध्ये एक चेंबर. एक खड्डा वापरात, दुसरा बंद. भरला की चेंबरमध्ये विटेचा अडथळा बदलून पाणी दुसऱ्यात वळवायचं. पहिला दीड-दोन वर्षं बंद ठेवला की आत कोरडं, वास नसलेलं खत होतं, ते हाताने काढून झाडांना घालता येतं. सेप्टिक टँकपेक्षा खर्च कमी, आणि टँकचं ओघळणारं पाणी कुठे सोडायचं हा प्रश्नच राहत नाही. विहीर किंवा पाण्याची साठवण असेल तिथून किमान १५ मीटर लांब, उतारावर असेल तर विहिरीच्या खालच्या अंगाला. खड्डा खणताना थेट काळा पाषाण लागला तर जागा बदला. पाषाणाच्या भेगांतून मैला न गाळता लांबवर जातो, मुरमातून गाळला जातो.

मोरीचं पाणी वेगळं काढा. एक चर, त्यात खडी, वर कर्दळ, अळू, केळी. साबण जपून. केळी दोन वर्षांत घरभर पुरतील.

आणि नदीचं पाणी उचलू नका हो. पंप, परवानगी, पुरात वाहून जाणारा पाईप, कशाला? तुमचं छप्पर पडवीसकट आडव्या मापाने ५० चौरस मीटर भरेल. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. हजार मिलिमीटर धरा, पाचवा हिस्सा वाया धरा, ४० हजार लिटर होतं. लागतं किती? दोन माणसं, प्रत्येकी रोज ६० लिटर, महिन्याचे सहा दिवस, म्हणजे ७२० लिटर. ऑक्टोबर ते मे आठ महिन्यांचे ५७६० लिटर. १० हजार लिटरची एक झाकलेली टाकी, आणि पाहुणे आले तरी वर्ष निघतं. पहिले दोन-तीन पाऊस वाहून जाऊ द्या, कौलांवरची धूळ आणि पक्ष्यांची घाण जाते. मग वाळू-खडी-कोळशाचा गाळप, आणि पिण्याचं उकळून.

एक शेवटचं. अंगणात पांढरे झगझगीत दिवे लावू नका. त्या खोऱ्यात मे अखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला काजव्यांनी झाडं लखलखतात. त्यांचं जोडीदार शोधणं त्या उजेडावर चालतं, आपल्या दिव्याने ते चुकतात. पिवळा, मंद, खाली तोंड असलेला दिवा पुरतो.

मुळशीचा

रानजाईताई, संडासाबद्दल इतकं मनापासून लिहिलेलं पहिल्यांदा वाचलं. नातवाला वाचून दाखवलं.

माझी भर: सरपणाचा ढीग भिंतीला लावून ठेवू नका. मण्यार, घोणस, फुरसं तिथेच बसतं. जोत्याभोवती चार-पाच फूट स्वच्छ फरसबंदी ठेवा, रात्री बॅटरीशिवाय पाऊल टाकायचं नाही. जवळच्या ज्या सरकारी दवाखान्यात सर्पदंशाची लस ठेवतात तो आधी जाऊन बघून या.

पाणलोट

परवान्याचं राहिलंच. शेतजमिनीवर शेतघराला आपल्याकडे किमान ०.४ हेक्टर जमीन लागते, तुमची एक एकर चार गुंठे त्यात बसते. जुन्या घराची नोंद ग्रामपंचायतीच्या जुन्या रजिस्टरमध्ये, नमुना ८ मध्ये, असू शकते. शोधा, उपयोगी पडते. गाव पश्चिम घाटाच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यात आहे का तेही बघा, जुलै २०२४ च्या मसुद्यात गावांची यादी आहे. ‘इथे कोण बघतंय’ असं सांगणारा भेटेल. त्याचं ऐकू नका.

गुंजवणीकाठ

तीन महिन्यांनी लिहितोय, माफ करा. पावसाळा बघून मगच नक्की करायचं ठरवलं होतं.

जुलैत दोनदा आणि ऑगस्टमध्ये एकदा गेलो. जुलैच्या दुसऱ्या खेपेला वरून विसर्ग सुरू होता. मी उंबराकडे जायला निघालो तर मळ्याची पट्टी दिसतच नव्हती. उंबराचं खोड अर्धं पाण्यात, तांबडं पाणी, मधूनमधून ओंडके. माझ्या पहिल्या नकाशातली खोली जिथे होती तिथे भोवरा फिरत होता. पाणी बांधाच्या दोन हात खाली थांबलं. डोंगराचा ओहोळ जोत्याच्या उत्तरेने जातो, तिथे चराची खूण करून ठेवलीये.

त्या रात्री चुलतकाकांकडे राहिलो. वडिलांनी हट्ट धरला म्हणून नऊ वाजता छत्री आणि बॅटरी घेऊन जोत्यावर अर्धा तास बसलो. नदीचा आवाज तिथे इतका स्पष्ट येतो की बोलायला आवाज चढवावा लागत होता. मी म्हटलं, उन्हाळ्यात एवढा येणार नाही. म्हणाले, “उन्हाळ्यात मी खाली जाऊन बसेन. तेव्हा ती जाऊ देते.”

म्हणून आता आराखडा असा: घर जोत्यावर, १२ बाय १६ ची खोली, पश्चिमेला ८ फुटांची पडवी, दक्षिणेला आतून दार असलेला संडास. रॅट-ट्रॅप भिंती, पत्रा आणि त्यावर कौलं. एक पॅनल, १० हजार लिटरची टाकी, दोन खड्डे ओहोळापासून लांब, मुरमात. जोत्यापासून नदीपर्यंत दगडी पायठण्या, सहा इंचांच्या, एका बाजूला कठडा. आणि उंबराखाली फक्त एक दगडी कट्टा, बिनछपराचा, पाठ टेकायला एक उभा दगड. पुरात बुडेल, पाणी उतरलं की धुऊन परत बसायचं.

पूररेषेचं लेखी उत्तर आलं, जोतं लाल रेषेच्या बाहेर आहे. शेतघराचा अर्ज दिलाय. जुन्या घराची नोंदही सापडली, आजोबांच्या नावाने.

कौलारूदादा, जुनी मंगलोरी कौलं कुठे मिळतील? नवी नको म्हणतात वडील.

कौलारू

कट्ट्याचे दगड एकमेकांत खाच पाडून बसवा, नुसते रचू नका, पुरात सुटतात.

कौलांसाठी पेठांत वाडे पाडणाऱ्या ठेकेदारांकडे चौकशी करा, भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये त्यांचे पत्ते मिळतात. चौरस मीटरला १५ च्या हिशेबाने उतार धरून नऊशे लागतील, शंभर जास्तीची घ्या, वानरांच्या वाटची. प्रत्येक कौल बोटाने वाजवून बघा. खणखणीत वाजलं तर घ्या, बद्द वाजलं तर बारीक तडा आहे. गाडीत उभी रचा, मध्ये पेंढा. दसऱ्याच्या आसपास काम काढलंत तर मी लाईन आखायला येतो.

गुंजवणीकाठ

या नक्की. वडिलांनी अंगणाच्या कोपऱ्यात पांगारा लावायचा ठरवलाय, नातवंडांच्या बिंड्यासाठी. फांदी काकांच्या बांधावरून आणलीये, दोन पानं फुटलीत.